साष्टी बेटावरचे नेमाचे उपक्रम: खाडीसफाई, रांगोळी, ढोल, शाडू, निर्माल्य. मापं आणि वेळा इथे लिहा

तलावपाळी

कोपरीपासून घोडबंदरपर्यंतचं आपलं ठाणं साष्टी बेटावर वसलंय. पूर्वेला ठाण्याची खाडी, उत्तरेला वसईची खाडी, पलीकडच्या काठावर कळवा, ऐरोली, वाशी. रोजच्या धावपळीत हे लक्षात येत नाही, पण एखादा सार्वजनिक उपक्रम अंगावर घेतला की लगेच येतं. इथे कुठलीही तारीख ठरवताना पंचांग, पाऊस आणि भरती-ओहोटी या तिघांनाही विचारावं लागतं. एकाला जरी विसरलं तरी तीस माणसं हात हलवत परत जातात.

पाडवा आला की रांगोळी किती किलो आणायची, गणपती आले की निर्माल्याचं काय करायचं, हे प्रश्न दर वर्षी नव्याने विचारले जातात. म्हणून हा एकच धागा. मापं, वेळा, काय बिघडतं आणि का बिघडतं, एवढंच लिहूया.

नव्या मंडळांसाठी वर्षाचा ढाचा असा: चैत्रात पाडव्याची स्वागतयात्रा. आषाढापासून ढोलाचा सराव आणि शाडूच्या कार्यशाळा. २६ जुलैला जागतिक कांदळवन दिन. भाद्रपदात विसर्जन आणि निर्माल्य. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता दिन. मग दिवाळी पहाट, आणि २ फेब्रुवारीला पाणथळ दिन. खाडीसफाई मात्र ऑक्टोबर ते मे दर महिन्याला करता येते, त्यामुळे सुरुवात तिथूनच. खाडीकर दादा, तारीख कशी काढायची ते सांगा.

खाडीकर

तारीख रविवार बघून काढायची नाही, तिथी बघून काढायची. कोळीवाड्यातला जुना हिशोब अजूनही चोख चालतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर ४ गुणिले पाऊण म्हणजे ३. तीनच्या सुमारास भरती, त्यापुढे साधारण सहा तासांनी, म्हणजे नऊला ओहोटी. पंचमीला पावणेचारला भरती आणि पावणेदहाला ओहोटी. शुक्ल आणि वद्य दोन्ही पक्षांना हाच हिशोब. रोज पाणी पाऊण-एक तास पुढे सरकतं.

सकाळच्या श्रमदानाला चतुर्थी, पंचमी, षष्ठी या तिथी उत्तम. पौर्णिमा-अमावास्येला बारा वाजता भरती असते, म्हणजे ओहोटी पहाटे सहाला. माणसं आठला जमतात तेव्हा पाणी चढायला लागलेलं असतं. अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराला. ऑक्टोबरच्या उन्हात बारा वाजता चिखलात माणूस उभा करू नये.

हा ठोकताळा आहे. नक्की वेळ भरतीच्या तक्त्यात बघायची. तक्ते बहुधा मुंबई बंदराचे असतात आणि ठाण्याच्या टोकाला पाणी उशिरा चढतं, उशिरा उतरतं. हा उशीर प्रत्येक जागेला वेगळा. आधी एकदा पाहणीला जाऊन दगडावर किंवा पुलाच्या खांबावर खडूने खूण करा आणि तुमच्या जागेचा फरक मोजून ठेवा. काम ओहोटीच्या दीड तास आधी सुरू करायचं आणि ओहोटीनंतर अर्ध्या तासात सगळे बांधावर. राहिलेला कचरा पुढच्या महिन्यात.

नेरुळची

उधाणाच्या दिवसांत पाणी जास्त उतरतं ना? मग तेव्हा जास्त कचरा मिळेल असं वाटतं.

खाडीकर

ताई, जास्त उतरतं, पण तितकंच जोरात परत येतं. शिवाय उघडा पडलेला भाग म्हणजे मऊ चिखल, तिथे आपण जायचंच नाही. ती पक्ष्यांची जेवणाची जागा. उधाणाचा फायदा वेगळा आहे. उधाणाची भरती कचरा वर आणून कांदळाच्या मागच्या कडेला ओळीत टाकते. त्यानंतर चार-पाच दिवसांनी भांगाचं, म्हणजे कमी चढ-उताराचं, पाणी लागतं, ते त्या ओळीपर्यंत पोचत नाही. म्हणजे चतुर्थी-पंचमीला कचरा वर पडलेला, पाणी खाली आणि वेळ सकाळची. तिन्ही जुळतात.

आता सामान. तीस माणसांसाठी: जाड रबरी हातमोजे ४० जोड (दहा फाटतातच), विणलेल्या प्लास्टिक गोण्या ६०, कात्र्या १०, लोखंडी आकडे ६, सहा फुटी फळ्या २, वीस मीटर दोर, ताणकाटा, पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे दोन जार, हात धुवायचं पाणी वेगळं, प्रथमोपचार पेटी, आणि सुया टाकायला झाकणाची जाड प्लास्टिक बाटली. गमबूट मापाचेच हवेत. सैल बूट चिखलात राहतो आणि पाय तेवढा वर येतो. सँडल, चप्पल घालून आलेल्यांना बांधावर वर्गीकरणाला बसवा, खाली उतरवू नका. चौदा वर्षांखालची मुलंही वरच.

सहा जणांचा गट करा: चौघं वेचणारे, एक गोणी धरणारा, एक वाहणारा. गोणी दोन-तृतीयांशच भरायची. ओला कचरा आणि चिखल मिळून ती इतकी जड होते की एकट्याने उचलली तर कंबर जाते किंवा गोणीचा तळ जातो.

तिवर या कांदळवनातल्या झाडाच्या भोवती पेन्सिलीसारखी उभी मुळं दिसतात. ती श्वसनमुळं, झाड त्यातून हवा घेतं. त्यांवर पाय पडला की मोडतात. पिशव्या आणि जाळी याच मुळांत अडकलेली असतात. ओढायचं नाही. ओढलं की पिशवीबरोबर मूळही येतं. कात्रीने पिशवी उभी कापायची, मग ती दोन बाजूंनी सुटते. चिखलात पुरलेली पिशवी अर्धी दिसत असेल तर दिसतो तेवढा भाग कापून घ्या. खोरं, कुदळ चालवायची नाही.

आणि हुरा हे झाड ओळखायला शिका. पान तोडलं की पांढरा चीक येतो. तो डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. त्या झाडाजवळ फांद्या मोडत वाट काढायची नाही, आणि हातमोज्याने डोळे पुसायचे नाहीत.

ऐरोली_सेक्टर_१०

चिखलात कोणी मांडीपर्यंत रुतलं तर?

खाडीकर

ओढू नका. सरळ वर ओढलं तर बुटाखाली पोकळी होऊन पाय आणखी घट्ट बसतो. रुतलेल्याने मागे टेकायचं, म्हणजे वजन पसरतं. त्याच्या दोन्ही बाजूंना फळी टाकायची, त्यावर हात टेकून त्याने पाय पुढे-मागे हलवत हलवत टाच आधी सोडवायची. बूट राहिला तर राहू द्या. म्हणूनच फळ्या यादीत लिहिल्यात. मंडळं नेमक्या त्याच आणत नाहीत.

सगळ्यात मोठी चूक मात्र चिखलात होत नाही, रस्त्यावर होते. गोण्या बांधावर रचल्या, फोटो काढले, गाडी आली नाही. रात्रीच्या भरतीला किंवा पुढच्या उधाणाला त्या गोण्या परत खाडीत. प्रभाग समितीकडून गाडीची वेळ आणि चालकाशी बोलणं दोन्ही आधी झालं पाहिजे. गाडी पक्की नसेल तर श्रमदान पुढे ढकला. हे कठोर वाटेल, पण एकदा गोळा केलेला कचरा फाटक्या गोणीतून परत पसरला की वेचायला तिप्पट वेळ लागतो.

वजनाबद्दल: ओल्या गोणीच्या काट्यावर चिखलाचंही वजन येतं. पुढच्या महिन्याशी तुलना करायची असेल तर नग मोजा. बाटल्या किती, चपला किती, थर्माकोलचे तुकडे किती, वेफरची पाकिटं किती. नग मोजले की कुठल्या नाल्यातून काय येतंय तेही कळतं.

हिरवा_काठ

आमची सोसायटी २६ जुलैला शंभर कांदळरोपं लावणार आहे. जागा ऐरोलीच्या बाजूची, उघडा चिखल आहे. रोपांतलं अंतर किती ठेवायचं?

खाडीकर

त्या जागी लावू नका, ही कळकळीची विनंती. उघडा चिखल रिकामा दिसतो, पण रोहित पक्षी (फ्लेमिंगो) आणि चिखलात चरणारे इतर पक्षी तिथेच खातात. खाडीचा तो पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ. वनविभागाच्या कांदळवन कक्षाच्या परवानगीशिवाय तिथे रोप तर सोडाच, पायही ठेवता येत नाही.

शिवाय रोपं जगत नाहीत. फार खालच्या पातळीवर लावली तर दिवसातला बराच वेळ बुडलेली राहतात, खोडावर शिंपले-बार्नेकल चढतात, आणि पहिल्या उधाणाला आडवी होतात. कांदळवन जिथे यायचं तिथे आपोआप येतं, बिया पाण्याबरोबर येतातच. येत नसेल तर बहुतेक वेळा भरावामुळे भरतीचं पाणी आत जायची वाट बंद झालेली असते. ती वाट शोधून कक्षाला कळवणं हे शंभर रोपांपेक्षा मोठं काम आहे.

कक्षाने स्वतः जागा दाखवली तर गोष्ट वेगळी. तेव्हा कांदळाच्या लांब शेंगा पावसाळ्यात झाडाखाली पडतात त्या घ्यायच्या, झाडावरच्या हिरव्या ओढायच्या नाहीत. टोकदार बाजू खाली, एक-तृतीयांश चिखलात, दोन शेंगांत दीड मीटर. उलटी खोचलेली शेंग वाया जाते. तारीख साजरी करायचीच असेल तर मुलांना ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रात न्या. तिवर, कांदळ, मारांडी शेजारीशेजारी बघायला मिळतात. पांढरी चिप्पी हा २०२० पासून आपल्या राज्याचा कांदळवृक्ष आहे, तीही ओळखायला शिकवा.

हिरवा_काठ

जागा रद्द. कक्षाला पत्र लिहितो.

रंगरेघ

रांगोळीचं लिहिते. आधी हिशोब, कारण दर वर्षी सामान एकतर उरतं किंवा रात्री दोन वाजता संपतं.

एक चौरस फूट जागा एक मिलिमीटर थराने भरायला साधारण १०० ते १२५ ग्रॅम रांगोळी लागते. दहा फूट व्यासाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस फूट, म्हणजे आठ ते दहा किलो. डांबरी रस्ता असेल तर त्यावर चौथाई जास्त धरा, कारण खडीच्या फटीत पावडर उतरते. यात जमिनीचा रंग निम्म्याहून जास्त जातो, पांढरी रेघ दीड-दोन किलो, बाकी लहान रंग. चार सवयीचे हात असतील तर तीन तास पुरतात.

रस्ता संध्याकाळी आठपर्यंत धुऊन घ्या म्हणजे अकरापर्यंत पूर्ण सुकतो. ओल्या डांबरावर टाकलेला रंग गडद दिसतो, सकाळी सुकला की फिका आणि डागाळलेला. गेरूचा हात द्यायचा असेल तर पातळ कालवून रुंद ब्रशने एकच हात द्या. जाड थर वाळल्यावर पापुद्र्याने सुटतो आणि वरची रांगोळी घेऊन निघतो.

वर्तुळ आखताना सुतळी वापरू नका. सुतळी ताणते. जिथून सुरुवात केली तिथे फिरून आलं की रेघ बोटभर बाहेर पडलेली असते, मग ती लपवायला पाकळ्या वाकड्या होतात. पातळ तार किंवा लाकडी पट्टी घ्या. एकाने मधल्या टोकावर टाच घट्ट ठेवायची आणि वर्तुळ पूर्ण होईपर्यंत हलायचं नाही. सहा पाकळ्या हव्या असतील तर तीच पट्टी परिघावर सहा वेळा ठेवा, बरोबर बसते. आठ हव्या असतील तर आधी काटकोनात दोन व्यास, मग त्यांचे मध्य.

रंग चाळणीने टाकायचा, चाळणी जमिनीपासून फूटभर वर. वारा असेल तर सहा इंचांवर आणा. थर सपाट झाला की त्यावर मुठीतली जाड पांढरी रेघ. संस्कारभारतीची पद्धत येत नसेल त्यांनी आधी चारच चिन्हं पक्की करावी: गोपद्म, सर्परेषा, शंख, स्वस्तिक. मूठ जमिनीजवळ, मनगट सैल, आणि रेघ ओढताना हाताबरोबर अख्खं शरीर मागे सरकलं पाहिजे. मनगटच फिरवलं तर रेघ सुरुवातीला जाड आणि शेवटी बारीक होते.

तलावपाळी

दवाचं काय करता? मार्चअखेरीस पहाटे हवा दमट असते.

रंगरेघ

पावडर आदल्या दिवशी उन्हात पसरून, चाळून, झाकणाच्या बादलीत ठेवायची. उघड्या पिशवीतली रांगोळी पहाटे गोळे धरते आणि चाळणीतून उतरत नाही. काढलेल्या रांगोळीवर प्लास्टिक अजिबात टाकू नका, आतून घाम धरून थेंब पडतात आणि प्रत्येक थेंबाचा खड्डा होतो. उघडीच राहू द्या.

मिठाची रांगोळी आपल्याकडे करू नये. खाडीकाठच्या हवेत मीठ पाणी ओढतं, दोन तासांत रंग एकमेकांत पाझरतात. रंगीत भुसा मोठ्या पार्श्वभूमीला स्वस्त पडतो पण वाऱ्याने उडतो. बंदिस्त चौकातच वापरा.

जागा सोडताना यात्रेचा विचार करा. मधले बारा फूट पूर्ण मोकळे, रांगोळी रस्त्याच्या एका कडेला. बारीक पावडरवर पाय सरकतो, दुचाकी तर हमखास घसरते. ढोलवाल्यांना खाली बघता येत नाही हे लक्षात ठेवा.

गावदेवी मैदानावर पाडव्याला भरते तसली भव्य रांगोळी करायची असेल तर ते शास्त्र वेगळं. जमीन दाबून सपाट करणं, चौकटी आखणं, मूळ चित्रावर तेवढ्याच चौकटी, मग प्रत्येकाला आपापला पट्टा. व्यक्तिचित्र वरच्या टोकापासून खाली भरत यायचं, म्हणजे भरलेल्या भागावर हात टेकावा लागत नाही. त्वचेच्या छटा आधी कागदावर मिसळून, क्रमांक घालून, डब्यात तयार ठेवायच्या. मैदानावर मिसळायला बसलं की दोन गालांचे दोन रंग होतात.

मास्क लावा. रात्रभर चाळणीखाली बसलेल्याच्या छातीत ही बारीक धूळ जाते. आणि दुसऱ्या दिवशी रांगोळी पाण्याने धुऊन गटारात घालवू नका, तळाला बसून घट्ट होते. कोरडी झाडून गोण्यांत भरा. चाळली की पुढच्या वेळी खालच्या थराला चालते.

ताशा_आधी

ढोलाचं मी सांगतो. सराव आषाढात सुरू होतो आणि नेमका तोच दमट काळ. चामड्याचं पान ओलाव्याने सैल पडतं, आवाज बसतो. मग नवीन पोरं कड्या खेचत सुटतात. दुपारी ऊन पडलं की तेच पान आकसतं आणि कडेपाशी फाटतं. म्हणून सरावाआधी ढोल अर्धा तास कोरड्या, गरम जागी ठेवा, मग ताणा. ताणताना समोरासमोरच्या कड्या जोडीने, थोड्या थोड्या. एका बाजूने सलग ओढत गेलं तर पान तिरकं बसतं आणि एकाच ढोलातून दोन आवाज येतात. कड बोटाने टिचकी मारून चहूकडून ऐका. सगळीकडे एकच सूर आला की थांबा. सराव संपला की कड्या सैल करूनच ढोल ठेवायचा. हे एवढं पाळलं तर पान हंगामभर टिकतं.

प्लास्टिकचं पान पावसात सैल पडत नाही, पण आवाजात ती घुमणारी खोली नाही. अनेक पथकं टिपरूच्या (काठीच्या) बाजूला प्लास्टिक आणि थापेच्या बाजूला चामडं ठेवतात. पावसाळ्यासाठी ही तडजोड मला योग्य वाटते.

ढोल कमरेला बांधताना नुसता पट्टा नको. आधी सुती शेला चार वेढ्यांनी घट्ट गुंडाळा, त्यावर ढोल. वजन हाडावर न येता पोटाभोवती वाटलं जातं. नवीन वादकाला पहिले दोन आठवडे ढोल द्यायचाच नाही. जमिनीवर टायर ठेवून हात बसवायचे. ताशा बदलला की ढोलाने हात बदलायचा, ढोलाने ताशाला ओढायचं नाही. पथकाची लय बिघडते ती बहुतेक याच ठिकाणी. मागच्या रांगेला ताशा उशिरा ऐकू येतो, ते ढोल ऐकून वाजवतात, आणि पन्नास ढोलांत मागची रांग अर्धा ठोका मागे पडते. उपाय एकच: ताशे सगळे पुढे न ठेवता दोन ताशे रांगांच्या मधोमध, आणि टोल (धातूची थाळी) वाजवणारा सगळ्यांना दिसेल असा उंचावर.

कानात बोळे घालाच. ताशाच्या शेजारी दोन तास उभं राहिल्यावर कान वाजतात ती इजा असते, अभिमानाची खूण नाही.

नेरुळची

सरावाच्या जागेवरून दर वर्षी वाद होतो आमच्याकडे.

ताशा_आधी

वाद होतो कारण वेळ सांगितलेली नसते. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा आहे, रात्र म्हणजे १० ते ६. रुग्णालय, शाळा, न्यायालयापासून १०० मीटर शांतता क्षेत्र. ढोल त्या आकड्यात बसत नाही हे उघड आहे, म्हणून जागा वस्तीपासून लांबच हवी: खाडीपुलाखाली, मोकळा भूखंड, गोदामांचा परिसर. सराव संध्याकाळी सात ते नऊ, आठवड्यातले ठरलेले दिवस, आणि दहावी-बारावीच्या परीक्षा असतील तेव्हा बंद. हे कागदावर लिहून आसपासच्या सोसायट्यांच्या फलकावर लावा. पोलीस ठाण्याची परवानगी त्याच कागदाला जोडा. निम्मी तक्रार तिथेच थांबते.

दिवाळी पहाटवाल्यांनाही हे लागू आहे. सहाच्या आधी ध्वनिक्षेपक चालू करता येत नाही, त्यामुळे आवाजाची जुळणी आदल्या संध्याकाळी उरकून प्रत्येक खुंटीवर चिकटपट्टीने खूण करून ठेवा. तबला, तंबोरा मात्र पहाटेच लावायचा, रात्रभराच्या दमट हवेत सूर उतरलेला असतो.

शाडूमाती

कार्यशाळा घेणाऱ्यांसाठी. नऊ इंची मूर्तीला तीन-चार किलो माती लागते. कोरडी शाडू आदल्या रात्री भिजवून, सकाळी पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळायची. बोटाला चिकटत असेल तर अजून मळा, पाणी वाढवू नका. जास्त पाण्याची मूर्ती सुकताना जास्त आकसते आणि मानेला, खांद्याला भेग पडते. हात, सोंड, कान जोडताना दोन्ही पृष्ठभाग काडीने खरवडायचे, मधे पातळ शाडूचा लेप, मग दाबायचं. नुसतं चिकटवलेलं सुकल्यावर गळून पडतं. पोट आतून अंगठ्याने कोरून पोकळ करा, जाड गोळा आतून ओला राहतो.

पंख्याखाली ठेवू नका. बाहेरचा थर आधी सुकतो, आतला नंतर, तिथेच तडा. सावलीत, ओल्या फडक्याने दोन दिवस झाकून, मग उघडी. श्रावणातल्या हवेत आठ-दहा दिवस धरा. म्हणून कार्यशाळा चतुर्थीच्या किमान तीन आठवडे आधी. रंग गेरू, हळद, मुलतानी माती. तैलरंग दिला तर माती शाडूची असून उपयोग नाही, तिच्यात पाणी शिरत नाही.

घरी विसर्जन बादलीत. मूर्ती पूर्ण बुडेल एवढं पाणी, हलवायचं नाही, सकाळपर्यंत विरघळते. खाली बसलेली माती सुकवून पुढच्या वर्षी पुन्हा मळता येते. पीओपी पाण्यात विरघळत नाही कारण ते पाणी घेऊनच घट्ट झालेलं असतं. कृत्रिम तलावात सुद्धा ते तसंच तळाशी राहतं, फक्त ते बाहेर काढणं सोपं जातं.

तलावपाळी

निर्माल्याचं मी लिहितो, कारण इथे स्वयंसेवक सगळ्यात जास्त लागतात आणि सगळ्यात कमी शिकवलेले असतात.

तलावाच्या कठड्यापाशी पोचलेलं निर्माल्य पिशवीसकट टाकलं जातं. म्हणून पिंप कठड्यापाशी नको, रांगेच्या सुरुवातीला हवं, जिथे लोक अजून घाईत नसतात. चार पिंपं: फुलं-दुर्वा-पत्री, नारळ-फळं, वस्त्र-माळा-मखराचं कापड, प्लास्टिक-थर्माकोल. प्रत्येक पिंपाजवळ एक माणूस, हातात कात्री. हारातली तार आणि प्लास्टिकचा दोरा तिथेच कापून काढायचा. खतात गेलेली तार चार महिन्यांनी कोणाच्या तरी बोटात जाते. नारळ आणि फळं चांगली असतील तर त्याच संध्याकाळी वाटून टाका. गर्दी दीड, पाच आणि गौरी-गणपतीच्या दिवशी घरगुती मूर्तींची, अनंत चतुर्दशीला मंडळांची. घरगुती दिवसांना माणसं दुप्पट ठेवा, कारण मूर्ती लहान पण पिशव्या जास्त.

खत: एक घमेलं निर्माल्य, दोन घमेली वाळलेला पालापाचोळा. ढीग किमान तीन फूट लांब, रुंद, उंच. त्याहून लहान ढीग तापत नाही, नुसता सडतो. मधे शेणाचं पाणी किंवा आंबट ताक शिंपडा. आठवड्याने उलटा. मुठीत दाबलं की एखादा थेंब यावा, पाणी गळू नये. भाद्रपदात पाऊस असतो, वर ताडपत्री लागतेच. ढिगाला घाण वास आला तर पालापाचोळा कमी पडलाय, मुंग्या लागल्या तर पाणी. झेंडू-शेवंतीचे देठ सावकाश कुजतात, त्यांचे तुकडे करा. गुलाल, अष्टगंध, हळद-कुंकू खतात घालू नका, त्यातले रंग बहुतेक कृत्रिम असतात. दोन महिन्यांत खत तयार होतं.

घणसोली_कट्टा

आमचा गट घारापुरीला श्रमदान करायचं म्हणतोय. तेही बेटच. काही सूचना?

खाडीकर

सोमवारी लेणी बंद असतात, त्या दिवशी पर्यटक नसतात म्हणून मंडळं तोच दिवस निवडतात, पण लाँचही नसते किंवा तुरळक असते. लाँचवाल्यांशी आधी बोला. पावसाळ्यात समुद्र खवळला की फेऱ्या बंद होतात, तेव्हा नोव्हेंबर ते एप्रिल धरा. लेण्यांच्या आवारात काहीही हलवायला पुरातत्त्व विभागाची परवानगी लागते, १९८७ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. काम किनाऱ्यावर आणि वाटेच्या कडेला करा. राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर या तिन्ही वस्त्यांतल्या लोकांना आधी भेटा, ग्रामपंचायतीला पत्र द्या. त्यांच्या गावात त्यांना न विचारता झाडू घेऊन उतरू नये.

मुख्य अडचण परतीची. बेटावर कचरा साठवायला जागा नाही, गोळा केलेला इथे आणावाच लागतो. परतीच्या लाँचमध्ये गोण्यांची जागा पैसे देऊन राखून ठेवा. एका माणसामागे दीड गोणी एवढंच लक्ष्य ठेवा. चिखल झटकून, पाणी निथळून मगच गोणी बांधा, नाहीतर लाँचवाले चढवू देत नाहीत आणि त्यांचं बरोबरच आहे. माकडं खाण्याच्या पिशव्या हिसकतात, डबे स्टीलचे आणि झाकणाचे न्या. पिण्याचं पाणी सोबत.

ऐरोली_सेक्टर_१०

परवानगीच्या पत्रात नेमकं काय लिहायचं? मागच्या वेळी अर्ज परत आला.

खाडीकर

अर्ज परत येतो तो मोघम असतो म्हणून. लिहा: तारीख, सुरू आणि संपायची वेळ, त्या दिवशीच्या ओहोटीची वेळ, जागेचा नकाशा आणि त्यावर खूण केलेला पट्टा, माणसांची संख्या, त्यांतले अठरा वर्षांखालचे किती, जबाबदार दोघांची नावं आणि फोन, कचरा कुठे नेणार आणि कुठल्या गाडीने. खाली एक वाक्य: यंत्र, कुदळ, फावडं वापरणार नाही, चिखलाच्या उघड्या भागात उतरणार नाही. अभयारण्याच्या हद्दीत असेल तर कांदळवन कक्षाला, बाहेर असेल तर प्रभाग समितीला, आणि दोन्हीकडे एकमेकांची प्रत. तीन आठवडे आधी द्या. पोच घ्या आणि त्या पोचेची छायाप्रत सफाईच्या दिवशी गटप्रमुखाच्या खिशात ठेवा, पहारेकरी पहिल्यांदा तीच मागतो.

नोव्हेंबर ते मे रोहित असतात. तेव्हा शिट्टी, ढोल, कर्णा काही नाही, चमकदार जाकिटंही नकोत. थवा उडाला तर काम थांबवून मागे या.

रंगरेघ

एक राहिलं. यात्रेच्या रात्रीसाठी वाहतूक पोलिसांना अर्ज करताना रस्त्याची लांबी फुटांत आणि खांबांच्या क्रमांकांसह लिहा. "चौकात" एवढंच लिहिलं तर अडथळे कुठे लावायचे हे त्यांना कळत नाही, आणि रात्री एक वाजता रिक्षा रांगोळीवरून जाते.

तलावपाळी

निर्माल्याच्या गाडीचा अर्जही तसाच. दीड, पाच, गौरी, सात, दहा या पाचही दिवसांच्या वेगळ्या वेळा लिहा. दीड दिवसाला गाडी रात्री दहाला पुरते, अनंत चतुर्दशीला पहाटे चारला दुसरी फेरी लागते. पिंपं भरली आणि गाडी नसली की लोक पुन्हा पाण्याकडे वळतात.